पत्र्यावरचा पाऊस आणि कानामागचे यंत्र

वर्गातील दिव्यांग विद्यार्थ्याला ऐकणे, पाहणे, बोलणे, लिहिणे किंवा हालचाल करणे ज्यामुळे शक्य अथवा सोपे होते ते साधन, आणि ते साधन निवडणे, मुलाच्या मापाने बसवणे, वापरायला शिकवणे व बिघडल्यास दुरुस्त करणे ही सेवा, या दोहोंना मिळून सहाय्यक तंत्रज्ञान म्हणतात. व्याख्येतील पहिला भाग वस्तूचा असल्यामुळे तो मोजता येतो, खरेदी करता येतो आणि अहवालात दाखवता येतो. दुसरा भाग माणसांचा, प्रवासाचा आणि सातत्याचा असल्यामुळे तो सहज नजरेआड होतो. दिव्यांग विद्यार्थ्यांच्या शिक्षणाची आपल्याकडील चर्चा बहुधा पहिल्या भागाभोवती फिरत राहते. त्या चर्चेतून काय निसटते हे पाहायचे असेल तर अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकावरील भंडारदरा परिसरासारखा प्रदेश डोळ्यांसमोर ठेवावा लागतो, कारण शहरातील वर्गखोलीत जे गृहीत धरलेले असते त्यातले फारसे काही येथे गृहीत धरता येत नाही.

प्रवरा नदीवरील भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचे नाव त्याला मिळाले. शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, साम्रद, रतनवाडी, घाटघर ही गावे आणि त्यांच्या वाड्या या जलाशयाच्या काठाने व कळसूबाई-रतनगडाच्या उतारांवर विखुरलेल्या असून वस्ती मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर समाजांची आहे. घाटघर-रतनवाडीच्या बाजूला एका हंगामात चार-पाच हजार मिलिमीटरांपर्यंत पाऊस कोसळतो, तर याच जिल्ह्याच्या पूर्व भागात तो जेमतेम पाचशे मिलिमीटरांच्या आसपास राहतो. जिल्ह्याचे मुख्यालय येथून सुमारे दीडशे किलोमीटर दूर आहे. नाशिक त्याच्या निम्म्या अंतरावर असले तरी तो वेगळा जिल्हा, म्हणजे वेगळे कार्यालय. एकाच जिल्ह्यासाठी एकाच निकषाने मागवलेले साधन या दोन टोकांना सारखेच चालेल असे मानण्यात जी चूक आहे, ती समजून घेण्यासाठी श्रवणयंत्राइतके चांगले उदाहरण दुसरे नाही.

श्रवणयंत्र, म्हणजे बोलीभाषेतले कानाचे मशीन, हे मुळात ध्वनिवर्धक आहे. त्यातील सूक्ष्म मायक्रोफोन आवाज टिपतो, विद्युतमंडल तो मुलाच्या श्रवणहानीच्या प्रमाणात वाढवते, आणि वाढवलेला आवाज एका बारीक नळीतून कानाच्या साच्यामार्फत आत सोडला जातो. पूर्वी खिशात ठेवायची डबी आणि तिच्यातून कानापर्यंत गेलेली वायर असे रूप होते. आता कानामागे बसणारे अंकीय यंत्र सर्वत्र दिले जाते आणि ते निःसंशय अधिक चांगले आहे. परंतु यंत्र आवाज वाढवते तेव्हा ते केवळ शिक्षकांचा आवाज वाढवत नाही. बाकांचा खडखडाट, शेजारच्या वर्गातली पाढ्यांची घोकणी आणि पावसाळ्यात छपरावर कोसळणारे पाणी हे सारे त्याच नळीतून कानात उतरते. ऐकू येणाऱ्या प्रौढ माणसाचा मेंदू गोंगाटातून हवा तो शब्द निवडून घेतो. ज्या मुलाची श्रवणक्षमता क्षीण आहे आणि भाषाही अजून घडते आहे, त्याला ही निवड फार जड जाते. म्हणूनच वर्गातील ध्वनीविषयीच्या प्रमाणकांत शिक्षकाचा आवाज पार्श्वभूमीच्या गोंगाटापेक्षा किमान १५ डेसिबलने वर असावा असे सांगितले जाते. डेसिबल हे आवाजाच्या पातळीचे माप आहे आणि १५ डेसिबलचा फरक म्हणजे ध्वनिऊर्जेत तीसपटींहून अधिक फरक. पत्र्याचे छप्पर असलेल्या खोलीत जुलै-ऑगस्टच्या मुसळधार पावसात हा फरक राखणे कोणत्याही शिक्षकाच्या घशाला शक्य नाही. तेथे चांगले ऐकू येणारी मुलेही निम्मे शब्द अंदाजानेच पकडतात.

या अडचणीवर उपाय नाही असे मुळीच नाही. शिक्षकाने गळ्यात किंवा कॉलरला छोटा मायक्रोफोन लावायचा आणि त्याचा आवाज रेडिओलहरींवरून थेट मुलाच्या यंत्रात पोहोचवायचा, या पद्धतीला एफएम प्रणाली म्हणतात. तिच्यात अंतर आणि गोंगाट या दोन्ही अडचणी एकदम बाजूला सरतात, कारण मायक्रोफोन शिक्षकाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर असतो. दुसरा उपाय वर्गखोलीचा आहे. पत्र्याखाली आवाज शोषणारे छत बसवणे, भिंतींना जाड कापडी फलक लावणे आणि श्रवणदोष असलेल्या मुलाचा वर्ग स्लॅबच्या खोलीत भरवणे या गोष्टींना सहाय्यक तंत्रज्ञान म्हणण्याची आपल्याकडे सवय नाही. पण मुलाच्या कानाच्या दृष्टीने पाहिले तर महागड्या यंत्रापेक्षा खोलीची ही अदलाबदल अधिक देऊन जाते, आणि तिला शिक्षकांची बैठक व मुख्याध्यापकांचा निर्णय एवढेच लागते.

पाऊस केवळ आवाजाने त्रास देत नाही, तर ओलाव्यानेही देतो. हवेतील दमट वाफ आणि घाम यांमुळे यंत्राच्या नळीत पाण्याचे थेंब धरतात आणि आवाज बंद होतो. कानामागच्या बहुतेक यंत्रांत जस्त-वायू पद्धतीचे बटणासारखे सेल असतात. सेलवरची चिकटपट्टी काढली की त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून हवेतील प्राणवायू आत शिरतो व रासायनिक क्रिया सुरू होते, आणि एकदा सुरू झाल्यावर यंत्र वापरा किंवा बाजूला ठेवा, सेल उतरतच जातो. साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत तो बदलावा लागतो. हा सेल वाडीवरच्या किराणा दुकानात सहसा मिळत नाही आणि तालुक्याच्या गावातही तो मिळेलच याची खात्री नसते. ओलाव्यावरचा इलाज मात्र अगदी स्वस्त आहे: घट्ट झाकणाची छोटी बरणी, तिच्यात ओल शोषून घेणारे सिलिका जेलचे दाणे, आणि रात्री झोपताना यंत्र त्यात ठेवण्याची सवय. घाटमाथ्यावरच्या मुलाला यंत्रासोबत अशी बरणी आणि चार महिन्यांचे सेल मिळाले नाहीत, तर त्याचे यंत्र आषाढात बंद पडणार हे जवळजवळ ठरलेलेच असते.

यापुढे मुलाच्या वाढीचा प्रश्न येतो. कानाचा साचा, ज्याला श्रवणतज्ज्ञ इअर मोल्ड म्हणतात, प्रत्येक कानाच्या ठशावरून घडवलेला असतो. मूल वाढते तसा कान वाढतो, साचा सैल होतो, फटीतून बाहेर आलेला आवाज पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि यंत्र शिट्टी वाजवू लागते. अगदी लहान मुलांत हे काही महिन्यांत घडते, मोठ्यांत वर्षभराने. वर्गात शिट्टी वाजली की सगळ्या माना वळतात, आणि जे मूल आधीच वेगळे दिसण्याच्या संकोचात असते ते यंत्र काढून दप्तरात टाकते. अशा मुलाने यंत्र नाकारले अशी नोंद होण्याचा धोका असतो. प्रत्यक्षात त्याच्या कानाला पुरेनासा झालेला साचा नव्याने घेण्याची वेळ कोणाच्या लक्षात आलेली नसते. केंद्र सरकारच्या १९८१ पासून चालू असलेल्या साहाय्य साधन योजनेत, जी तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ॲडिप या नावाने ओळखली जाते, एकदा साधन मिळाल्यावर त्याच कारणासाठी पुन्हा साधन मिळण्यास तीन वर्षांची अट असून बारा वर्षांखालील मुलांसाठी ती एक वर्षाची आहे. मुलांची वाढ लक्षात घेऊन ठेवलेली ही सवलत शहाणपणाची असली तरी साचा बदलणे हे नव्या यंत्राचे काम नसून देखभालीचे काम आहे, आणि देखभालीला वर्षाकाठी एकदा भरणारे शिबिर पुरत नाही.

देखभालीची ही उणीव ज्ञानाच्या अभावातून आलेली नाही. मुंबईत माझगाव भागात मूकबधिर मुलांसाठीची शाळा १८८५ मध्ये सुरू झाली आणि वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ मध्ये स्थापन झाली. म्हणजे श्रवणदोष असलेल्यांच्या शिक्षणाचा आणि तज्ज्ञ घडवण्याचा दीर्घ वारसा या राज्याला आहे. साधननिर्मितीसाठी कानपूरचे कृत्रिम अवयव निर्मिती महामंडळ, म्हणजे ॲलिम्को, १९७२ पासून आहे. ज्ञान आणि कारखाना दोन्ही असूनही सह्याद्रीच्या कुशीतल्या शाळेपर्यंत जे पोहोचत नाही ते त्यांच्या मधले सेवेचे जाळे आहे. ज्या मुलांना यंत्राचा फारसा उपयोग होत नाही त्यांच्यासाठी सांकेतिक भाषा हीच भाषा ठरते. भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र दिल्लीत २०१५ मध्ये उभे राहिले, त्याचा शब्दकोश २०२१ पर्यंत दहा हजार शब्दांपर्यंत गेला आणि पाठ्यपुस्तके सांकेतिक भाषेत आणण्यासाठी २०२० मध्ये एनसीईआरटीशी करारही झाला. हे सारे काम चित्रफितींच्या रूपात आहे, आणि ते योग्यच आहे. मात्र भाषा चित्रफीत पाहून येत नाही, ती बोलणाऱ्यांच्या सहवासात येते. वाडीत एकच बहिरे मूल असेल तर त्याला संकेत करणारा दुसरा माणूस लागतो, आणि तो शिक्षक असावा लागतो. समोरच्याचे बोलणे फोनवर तत्काळ लिहून दाखवणारी लाइव्ह ट्रान्स्क्राइबसारखी सोय २०१९ पासून मराठीतही उपलब्ध आहे, परंतु पावसाचा आवाज, मोबाइलची तुटक रेंज आणि शिक्षकाच्या बोलण्यातली स्थानिक बोली या तिन्ही गोष्टी तिच्या अचूकतेच्या विरोधात जातात.

दृष्टिबाधित विद्यार्थ्यांचे तंत्रज्ञान याहून जुने आहे आणि त्यात आशेला अधिक जागा आहे. सहा उंचवट्यांची ब्रेल लिपी लुई ब्रेल यांनी फ्रान्समध्ये १८२४ च्या सुमारास घडवली. भारतात एकेकाळी निरनिराळ्या भाषांसाठी निरनिराळ्या ब्रेल लिप्या चालत असत. युनेस्कोच्या सहकार्याने चर्चा होऊन १९५१ मध्ये सर्व भारतीय भाषांसाठी समान भारती ब्रेल स्वीकारली गेली. तिची रचना मराठी वाचकाने जाणून घेण्यासारखी आहे. एका चौकटीत सहा जागा आणि त्यांपासून होणारी त्रेसष्ट चिन्हे. सारख्या उच्चाराला सर्व भाषांत सारखे चिन्ह, त्यामुळे मराठी ब्रेल शिकलेले मूल हिंदीही वाचू शकते. काना-मात्रा-वेलांटी अक्षराच्या वर-खाली-मागे-पुढे न येता उच्चाराच्या क्रमाने व्यंजनानंतर येतात. छपाईत पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी दिसते, ब्रेलमध्ये ती नंतरच येते. जोडाक्षर लिहिताना हलन्ताचे चिन्ह व्यंजनांच्या आधी ठेवले जाते, तर क्ष आणि ज्ञ यांना स्वतंत्र चिन्हे आहेत. पाटी आणि टोचणीने लिहिताना मूल उजवीकडून डावीकडे टोचत जाते व कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचते, म्हणजे प्रत्येक अक्षराची आरशातली प्रतिमा त्याला मनात धरावी लागते. गणितासाठी टेलर फ्रेम वापरतात. या धातूच्या पाटीत अष्टकोनी छिद्रे असतात आणि त्यांत आठ दिशांना फिरवून बसवता येणाऱ्या खुंट्यांनी अंक मांडले जातात. या साधनांना वीज लागत नाही, ती पावसात बिघडत नाहीत आणि दशकानुदशके टिकतात. डोंगरातल्या शाळेसाठी तंत्रज्ञान निवडताना हा गुण सर्वांत वरचा मानला पाहिजे.

महाराष्ट्रात ॲना मिलार्ड या अमेरिकन मिशनरी बाईंनी १९०० मध्ये मुंबईत अंध मुलांसाठी शाळा सुरू केली, जिचे पुढे दादरच्या शाळेत रूपांतर झाले. नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था १९५२ मध्ये मुंबईतच स्थापन झाली. स्वागत थोरात यांनी १५ फेब्रुवारी २००८ रोजी ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले तेव्हा पाठ्यपुस्तकाबाहेरचे वाचन, जे डोळस मुलाला रद्दीच्या कागदावरही मिळते, ते दृष्टिबाधित मराठी वाचकाच्या बोटांखाली नियमितपणे आले. या घटनेचे मोल साधनांच्या यादीत कधी दिसत नाही, तरी ब्रेल शिकलेल्या मुलाला वाचायला काही नसेल तर त्याची बोटे वाचन विसरतात, हे ब्रेल शिकवणारा प्रत्येक शिक्षक जाणतो. ब्रेलची मोठी अडचण तिचा आकार आहे: छपाईतले एक पुस्तक ब्रेलमध्ये अनेक जाड खंडांत जाते, आणि निवासी आश्रमशाळेतील मुलाच्या लोखंडी पेटीत ते मावत नाही. ही अडचण दूर करण्यासाठी पिनांच्या उंचसखल हालचालीने ओळ बदलत जाणारी ब्रेल उपकरणे आली असून मुंबईच्या इनोव्हिजन या कंपनीने वीस चौकटींचे ‘ब्रेलमी’ बनवून त्यांची किंमत बरीच खाली आणली आहे, तरी सामान्य कुटुंबाला ती अजूनही परवडणारी नाहीत.

संगणक आणि फोन यांच्यामुळे झालेला बदल मात्र खरोखर मूलगामी आहे. पडद्यावरचा मजकूर आवाजात वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला स्क्रीन रीडर, म्हणजे पडदावाचक, म्हणतात. मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन दृष्टिबाधित ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ पासून घडवलेला एनव्हीडीए हा पडदावाचक विनामूल्य आहे, आणि ईस्पीक या मुक्त वाचाप्रणालीच्या आधारे तो मराठीही वाचतो. ॲण्ड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक हा पडदावाचक आधीपासूनच असतो. म्हणजे साधा स्मार्टफोन हेच दृष्टिबाधित मुलाचे सर्वांत स्वस्त सहाय्यक साधन झाले आहे. येथे एक अडथळा पूर्णपणे मराठीच्या घरातला आहे, आणि त्याबद्दल पुरेसे बोलले जात नाही. मराठी छपाईचा मोठा भाग दीर्घकाळ युनिकोडपूर्व फाँटांत झाला. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणारी पद्धत. जुने फाँट मात्र इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीचे आकार बसवत असत. डोळ्यांना त्या पानावर शुद्ध मराठी दिसते, पण पडदावाचकाला तेथे अर्थहीन इंग्रजी अक्षरांची रांग मिळते. स्कॅन केलेल्या पानात तर अक्षरेच नसतात, केवळ चित्र असते. शिक्षकाने फळ्याचा किंवा वहीच्या पानाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर गृहपाठ पाठवला तर दृष्टिबाधित विद्यार्थ्याच्या दृष्टीने तो पाठवलाच गेलेला नसतो. तोच गृहपाठ फोनवर मराठीत टाइप केला तर त्याला तो लगेच ऐकता येतो. शिक्षक-प्रशिक्षणातील एक तास एवढाच याचा खर्च आहे.

कायद्याने ही वाट मोकळी केलेली आहे. प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग व्यक्तींसाठी पुस्तकांचे सुलभ रूपांतर करण्यास परवानगी दिली. २०१३ च्या मराकेश कराराला मान्यता देणारा पहिला देश भारत ठरला. ‘सुगम्य पुस्तकालय’ हे सुलभ पुस्तकांचे ऑनलाइन ग्रंथालय २०१६ मध्ये सुरू झाले. मराठी पुस्तके तेथे जितकी हवीत तितकी नाहीत, आणि ती वाढवणे हे प्रकाशकांच्या आवाक्यातले काम आहे, कारण आज पुस्तकाची संगणकीय प्रत प्रत्येक प्रकाशकाकडे असतेच.

तरीही फोन आला म्हणून ब्रेल मागे टाकावी, हा अलीकडे ऐकू येणारा विचार मुलांचे नुकसान करणारा आहे. केवळ ऐकून शिकणाऱ्या मुलाला ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतला भेद कळत नाही. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, परिच्छेद, गणितातील पदावली या गोष्टी बोटांखाली किंवा डोळ्यांपुढे आल्याशिवाय पक्क्या होत नाहीत. ऐकणे आणि वाचणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत व साक्षरता दुसरीतून येते. दृष्टी अंशतः शिल्लक असलेल्या मुलांच्या बाबतीतही अशीच घाई होते. त्यांना अंध मानून ब्रेल किंवा ध्वनिमुद्रणाकडे वळवण्याआधी योग्य चष्मा, भिंग, ठळक व मोठा टाइप, काळ्या फळ्यावर जाड खडू आणि खिडकीशी योग्य कोनात बसण्याची जागा एवढे करून पाहणे आवश्यक असते.

बोलता न येणाऱ्या किंवा फार थोडे बोलू शकणाऱ्या मुलांसाठी, उदाहरणार्थ सेरेब्रल पाल्सी किंवा स्वमग्नता असलेल्यांसाठी, चित्रांवर बोट ठेवून बोलण्याची साधने असतात. त्यांना पूरक व पर्यायी संवादसाधने म्हणतात. आयआयटी मुंबईच्या अभिकल्प केंद्रात तयार झालेले ‘जेलो’ हे विनामूल्य उपयोजन मराठीतही बोलते. परंतु संवादाचा फलक मुलाच्या जगाचा असावा लागतो. शहरात तयार झालेल्या चित्रसंचात फ्रीज, लिफ्ट आणि पिझ्झा असतो. रतनवाडीच्या मुलाला नागलीची भाकर, वरई, इरले, आवणी, होडी आणि डांगाण हे शब्द लागतात. इरले म्हणजे पावसात अंगावर घ्यायचे आच्छादन, डांगाण म्हणजे हा डोंगराळ पट्टा आणि आवणी म्हणजे भाताची लावणी. लावणीच्या दिवसांत घरातील प्रत्येक माणूस शेतात असतो, आणि ‘आई आवणीला गेली’ हे सांगता येणे हाच त्या मुलासाठी आठवड्यातील सर्वांत महत्त्वाचा संवाद असू शकतो. असा फलक पुठ्ठ्यावर चित्रे चिकटवून, वरून प्लॅस्टिक लावून शाळेतच बनवता येतो, आणि बनवणाऱ्यांत मुलाची आई असेल तर तो अधिक चांगला होतो. वाचनातील विशिष्ट अक्षमतेची, म्हणजे डिस्लेक्सियाची, चाचणी करण्यासाठी राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये मराठीसह काही भारतीय भाषांत ‘डाली’ ही चाचणी आणली. तरी घरी वेगळी बोली बोलणाऱ्या मुलाचे अडखळणे हे बोलीतून प्रमाणभाषेत येण्याचे अडखळणे आहे की वाचनदोष, हा निर्णय त्या बोलीशी परिचित असलेल्या शिक्षकाच्या मदतीशिवाय घेणे धोक्याचे आहे.

चाकाच्या खुर्चीविषयी थोडक्यात एवढेच की तिच्यासाठीचा रॅम्प एक फूट उंचीला किमान बारा फूट लांब असावा, असा संकेत आहे, आणि डोंगरउतारावरच्या शाळेत तो बसवणे कठीण असले तरी अशक्य नाही. मात्र घरापासून शाळेपर्यंतची पायवाट, नाला आणि चिखल यांना रॅम्प करता येत नाही. अशा मुलाच्या बाबतीत वाहतूक भत्ता, मदतनीस किंवा शाळेजवळच निवासाची सोय हेच खरे सहाय्यक साधन ठरते, आणि शौचालयाचे दार खुर्ची आत जाईल इतके रुंद नसेल तर खुर्ची वापरणारी मुलगी शाळा सोडते. लिहिताना हात थरथरणाऱ्या मुलासाठी पेन्सिलीवर गुंडाळलेले सायकलच्या ट्यूबचे रबर किंवा बाकाला तिरकी फळी असे उपाय कोणत्याही सुताराला जमतात.

आता व्यवस्थेकडे यावे लागते, कारण साधनांच्या अपुरेपणापेक्षा व्यवस्थेच्या तुटकपणाने अधिक मुले मागे राहतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५ च्या कायद्यात सात असलेले दिव्यांगत्वाचे प्रकार त्याने एकवीस केले. त्याच्या कलम १७ ने लक्षणीय, म्हणजे ४० टक्के किंवा त्याहून अधिक, दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्याला अठराव्या वर्षापर्यंत पुस्तके, शैक्षणिक साहित्य आणि योग्य सहाय्यक साधने विनामूल्य देण्याची जबाबदारी शासनावर टाकली, आणि परीक्षेत अधिक वेळ व लेखनिक, म्हणजे विद्यार्थ्याने सांगितलेले उत्तर लिहून देणारा मदतनीस, यांचीही तरतूद केली. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९.६ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली होती, आणि तीही जुन्या, अधिक मोजक्या प्रकारांनुसार. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे जगात अडीच अब्जांहून अधिक लोकांना किमान एका सहाय्यक साधनाची गरज आहे व त्यांतील जवळजवळ एक अब्ज लोकांना ते मिळत नाही. काही गरीब देशांत गरज असलेल्यांपैकी केवळ तीन टक्क्यांना ते मिळते. भारताची स्थिती इतकी वाईट नसली तरी देशाच्या सरासरीत घाटघरची वाडी दिसत नाही.

भंडारदऱ्याच्या मुलाच्या बाबतीत हा हक्क किती दारांतून जातो ते पाहण्यासारखे आहे. शाळेत येऊन मुलांची तपासणी करणे हे आरोग्य विभागाच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाचे काम आहे. हा देशव्यापी कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघरला, सुरू झाला होता. मूल जिल्हा परिषदेच्या शाळेत असेल तर त्याचे साधन आणि विशेष शिक्षक समग्र शिक्षा योजनेच्या गट साधन केंद्राकडून येतात. ते आश्रमशाळेत असेल तर शाळा आदिवासी विकास विभागाची, म्हणजे जवळच्या राजूर गावातील प्रकल्प कार्यालयाच्या अखत्यारीतली असते. दिव्यांगांच्या योजना आणि विशेष शाळा यांच्यासाठी डिसेंबर २०२२ मध्ये राज्याने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग निर्माण केला, हे स्वागतार्ह पाऊल होते. परंतु चार विभागांच्या मध्ये उभ्या असलेल्या एका मुलाच्या यंत्राचा सेल कोणी आणायचा, या प्रश्नाचे उत्तर अद्याप एकाच माणसाच्या नावावर लिहिलेले नाही. आश्रमशाळेत हा प्रश्न अधिक तीव्र होतो, कारण तेथे रात्री यंत्र बरणीत ठेवले की नाही हे पाहायला आई नसते. ते काम अधीक्षक किंवा अधीक्षिकेचे मानावे लागेल, त्यांना ते शिकवावे लागेल, आणि वसतिगृहात फोन व यंत्रे भारित करण्यासाठी कुलूपबंद जागा द्यावी लागेल. परिसरात जलविद्युत निर्माण होत असल्याने वीज येथील लोकांना नवी नाही. तरीही पावसात तारा तुटल्या की दोन-दोन दिवस अंधार असतो, म्हणून एक लहान सौर पेटी ही चैन नव्हे.

साधन मिळण्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते आणि ते सामान्यपणे जिल्ह्याच्या ठिकाणच्या वैद्यकीय मंडळाकडून येते. ज्या कुटुंबाचा दिवस मजुरीवर चालतो त्याला दीडशे किलोमीटरचा प्रवास आणि बहुधा एक मुक्काम परवडत नाही, आणि एखादा कागद कमी पडून दुसरी फेरी करावी लागली तर बहुतेकांची हिंमत तेथेच संपते. या वैद्यकीय मंडळानेच वर्षातून ठरलेल्या दिवशी राजूरला यावे ही मागणी अवाजवी नाही. तपासणीची आणि साधने देण्याची वेळही विचारपूर्वक ठरवावी लागेल. शाळा जूनच्या मध्यावर उघडतात आणि त्याच पंधरवड्यात पाऊस सुरू होतो. मे महिन्यात मुले वाड्यांवर, रानात, करवंदे-जांभळांच्या हंगामात असतात. म्हणून ठसे घेणे, यंत्रे तपासणे आणि दुरुस्तीला पाठवणे हे काम एप्रिलमध्ये, सुट्टीआधी, आणि नवे साचे बसवणे, सेल व बरण्या देणे हे काम शाळा उघडल्याच्या पहिल्या आठवड्यात झाले पाहिजे. ऑगस्टमध्ये किंवा आर्थिक वर्षअखेर म्हणून मार्चच्या शेवटी दिलेले साधन त्या वर्षाच्या शिक्षणाला फारसे उपयोगी पडत नाही.

शेवटचा प्रश्न माणसाचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे प्रकरणात दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी विशेष शिक्षकांचे प्रमाण ठरवून देण्याचा निर्देश केंद्र सरकारला दिला, आणि त्यानंतर ठरलेले प्रमाण असे: प्राथमिक स्तरावर दहा मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिक व पुढील स्तरावर पंधरा मुलांमागे एक. शहरातील एका मोठ्या शाळेत दहा मुले एकाच आवारात भेटतात. जलाशयाच्या काठाने शेंडीपासून साम्रद-घाटघरपर्यंत दहा मुले भेटण्यासाठी फिरत्या विशेष शिक्षकाला किती गावे, किती वाड्या आणि पावसाळ्यात किती बंद रस्ते पार करावे लागतात याचा हिशेब त्या प्रमाणात नाही. डोंगरी भागासाठी हे प्रमाण मुलांच्या संख्येऐवजी शाळांच्या केंद्राशी, म्हणजे जवळजवळच्या दहा-बारा शाळांच्या प्रशासकीय गटाशी, जोडावे लागेल; त्या शिक्षकाला कंत्राटाऐवजी कायम पद, प्रवासभत्ता, साचे घेण्याचे व सेल बदलण्याचे प्रशिक्षण, आणि सुटे भाग, टोचण्या, जेलचे दाणे व जाड ब्रेल कागद यांनी भरलेली एक पेटी द्यावी लागेल, व ती पेटी वर्षातून दोनदा भरण्यासाठीची तरतूद अंदाजपत्रकात साधनखरेदीपासून वेगळ्या शीर्षाखाली दाखवावी लागेल.